उलट, सुलट आणि पंधरा अंश

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेबांचे सादरीकरण होते. चौदा स्लाइड पूर्ण झाल्या होत्या आणि पंधराव्या स्लाइडवर एकच काम उरले होते: डावीकडून उजवीकडे धावणाऱ्या एका जाड बाणाचे तोंड डावीकडे करायचे. बाणाच्या पोटात ‘ग्राहकांचा अभिप्राय’ असे लिहिलेले होते आणि अभिप्राय ग्राहकाकडून आपल्याकडे येतो, आपल्याकडून ग्राहकाकडे जात नाही, ही गोष्ट साहेबांच्या नेमकी निघतानाच लक्षात आली. “पाच मिनिटांचं काम आहे, जरा फिरवून ठेवा,” असे म्हणून ते घरी गेले. मी आज्ञाधारक मनुष्य असल्यामुळे ‘फिरवून’ हा शब्द मी अक्षरशः घेतला, आणि पुढचे सगळे त्यातून घडले.

पॉवरपॉइंटमध्ये एखादी वस्तू निवडली की तिच्या डोक्यावर तुऱ्यासारखा एक छोटा गोल बाण उगवतो; जुन्या आवृत्त्यांत त्या जागी हिरवा ठिपका असे. तो माउसने धरून ओढला की वस्तू स्वतःच्या मध्याभोवती फिरू लागते. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु वर्तुळाचे अंश ३६० आणि माझा हात दिवसभर टंकून थकलेला. बाण १७८ अंशांवर थांबे. किंचित पुढे रेटावा तर थेट १८३ वर जाऊन बसे. दोन अंशांचा कल डोळ्यांना धड दिसत नाही, नुसता खटकत राहतो. भिंतीवरची तसबीर तिरकी आहे की आपण तिरके उभे आहोत, असा जो संशय कधीकधी येतो, तोच पडद्याकडे पाहताना येतो. मान डावीकडे झुकवून पाहिली, उजवीकडे झुकवून पाहिली, तेवढ्यात बाजूच्या टेबलावरच्या सहकारी बाई म्हणाल्या, “मान धरली का हो? शेक द्या.” मग त्यांनीच सांगितले की शिफ्टची कळ दाबून ठेवली तर वस्तू पंधरा-पंधरा अंशांच्या पायऱ्यांनी फिरते. अर्धा तास मी जे हाताने साधू पाहत होतो, ते बारा पायऱ्यांत झाले. बाणाने तोंड डावीकडे केले आणि त्याच्या पोटातल्या ग्राहकांच्या अभिप्रायाने शीर्षासन घातले.

आता उलटवण्याच्या आज्ञांकडे वळणे भाग होते. त्या दोन असतात, एक उभे उलटवण्याची आणि दुसरी आडवे उलटवण्याची, आणि त्यांतली आपल्याला हवी असलेली कोणती, हे मला आजवर एकदाही पहिल्या झटक्यात सांगता आलेले नाही. उभे उलटवणे म्हणजे वरचे खाली व खालचे वर; आडवे उलटवणे म्हणजे डावे उजवीकडे व उजवे डावीकडे. मी ‘उभे’ निवडले. बाण वरखाली सारखाच असल्यामुळे तो जागचा हलला नाही, मात्र अक्षरे पायांवर उभी राहिली. उभे उलटवले की हे सॉफ्टवेअर आकारातली अक्षरेही अर्धा फेरा फिरवते, आणि माझी आधीच अर्धा फेरा फिरलेली असल्यामुळे त्यांचा फेरा पूर्ण झाला. दोन चुकांची बेरीज बरोबर आली होती. शहाण्या माणसाने तेथेच फाइल जतन करून दिवा मालवला असता.

मी पडलो टापटिपीचा. बाजूच्या पट्टीत कोनाच्या चौकटीत १८० हा आकडा दिसत होता आणि सरळ दिसणाऱ्या वस्तूचा कोन १८० असावा हे मला अव्यवस्थितपणाचे वाटले. म्हणून मी तेथे शून्य लिहिले. बाण गर्रकन उजवीकडे वळला आणि अक्षरे पुन्हा डोक्यावर. फिरवणे आणि उलटवणे यांची खाती सॉफ्टवेअरने निरनिराळी ठेवलेली असतात. कोन शून्य केला की फिरवलेले सुटते, उलटवलेले मात्र तसेच राहते. रागाच्या भरात मी इतक्या वेळा काहीबाही केले की कंट्रोल आणि झेड दाबून मागे जायलाही वाट उरली नाही, कारण पावले मागे घेण्याची मुभा मुळात वीसच वेळांची असते आणि माझ्या चुकांनी ती केव्हाच ओलांडली होती.

खरे म्हणजे आपल्या भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. शब्द फिरवणारा माणूस वेगळा आणि उलटलेला माणूस वेगळा. पहिल्याला थोडे आणखी फिरवले की तो पूर्वपदावर येतो. दुसऱ्याला कितीही फिरवा, तो उलटलेलाच राहतो, जशी डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात सुखाने बसत नाही. फिल्मच्या स्लाइडचे प्रोजेक्टर चालवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा तुकडा चौकोनी चौकटीत बसवलेला असे आणि ती चौकट यंत्रात आठ प्रकारे घालता येई: चार बाजूंनी सरळ, चार बाजूंनी पालथी. त्यांतला एकच प्रकार बरोबर, आणि तोही चित्र खाली डोके वर पाय असा धरल्यावर, कारण भिंग प्रतिमा उलटी करते. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यावर एक खूण करून ठेवत आणि अंगठा त्या खुणेवर ठेवून स्लाइड आत सरकवत. आठांत सात वेळा चुकण्याची ही सोय संगणकानेही जपली आहे, फक्त अंगठ्याची खूण तेवढी काढून घेतली.

त्या रात्रीच्या इतर पराक्रमांविषयी फार लिहीत नाही. तीन चिन्हे एकदम निवडून फिरवली तर ती तिन्ही आपापल्या जागी भोवऱ्यासारखी गरगरली. त्यांचा गट केल्यावर कुठे एकाच मध्याभोवती शिस्तीत फिरली. तक्ता मात्र फिरायलाच तयार नव्हता, आणि त्या रात्री मला आदर वाटला तो केवळ त्याच्याविषयी. बाणाचा प्रश्न शेवटी नवा बाण काढून आणि तो एकदा, फक्त एकदा, आडवा उलटवून सुटला. आडवे उलटवताना टंकलेल्या अक्षरांना हे सॉफ्टवेअर हात लावत नाही.

या ज्ञानाने मी चढून गेलो आणि अखेरच्या स्लाइडकडे वळलो. तेथे साहेबांचा फोटो उजव्या कडेला होता आणि ते मजकुराकडे पाठ करून स्लाइडच्या बाहेर कुठेतरी पाहत होते. फोटोतल्या माणसाने मजकुराकडे पाहावे असा संकेत आहे. मी फोटो आडवा उलटवला आणि साहेब मजकुराकडे पाहू लागले.

सकाळी त्यांनी स्लाइड पाहिल्या. “हा फोटो कुठून आणलात? यात मी अगदी माझ्यासारखा दिसतोय,” ते खूश होऊन म्हणाले. स्वाभाविकच होते, जन्मभर त्यांनी स्वतःला आरशातच पाहिलेले. सहकारी बाई मात्र पडद्याकडे बघत पुटपुटल्या, “साहेबांनी भांग बदलला वाटतं.” भांग बदलला होता, घड्याळ दुसऱ्या मनगटावर गेले होते, खिसा उजव्या छातीवर आला होता.

सादरीकरण उत्तम चालले. बाणाने अभिप्राय योग्य दिशेने आणला. अखेरची स्लाइड आली आणि समोरच्या रांगेतले पाहुणे माना वाकड्या करून साहेबांच्या फोटोमागची पाटी वाचू लागले. फोटोतली अक्षरे टंकलेली नसतात. सॉफ्टवेअरच्या लेखी ते नुसते रंगाचे ठिपके. तिच्यावर आमच्या संस्थेचे नाव होते, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत.

साहेबांनी वळून पाहिले आणि हलक्या आवाजात मला विचारले, “काहीतरी फिरलंय का?”

“नाही साहेब,” मी म्हणालो, “उलटलंय.”