टर्बोचे तेल परत कसे येते, हे त्या संदेशाला ठाऊकच नाही

गाडीला बाहेरून टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने टर्बाइनचे चाक फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र, बसवणाऱ्यांसाठी 'तेलाच्या सहा सोप्या युक्त्या' सांगणारा एक लांबलचक संदेश रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या गाडीवेड्या तरुणांमध्ये सध्या फिरतो आहे. कुडाळच्या माझ्या भाच्याने आपल्या बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीसाठी कोल्हापुरातून एक वापरलेला टर्बो आणून ठेवला आहे. त्याने हा संदेश 'मामा, गॅरेजमध्ये हेच सांगू ना?' एवढ्याच प्रश्नासह मला पाठवला, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही. असा बदल कायद्यात बसतो का, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे, आणि त्याने तो आधी परिवहन कार्यालयात विचारावा. येथे मी फक्त तेलाविषयी लिहितो.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. टर्बोकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेतला रेस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाचा प्रवाह कमी करणारे बारीक छिद्र, काढून टाकावा. तेल परत आणणारा पाइप आत जाणाऱ्या पाइपएवढाच बारीक ठेवून जागा मिळेल तिकडून फिरवून चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठते त्या भांड्याला, जोडावा. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप गंजतो, म्हणून साधा रबरी होज वापरावा. जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी. कोकणातल्या उकाड्यासाठी २०डब्ल्यू-५० हे घट्ट तेल घालावे, म्हणजे घाट चढून आल्यावर गाडी तशीच बंद केली तरी चालते. आणि एवढे करूनही निळा धूर आला, तर टर्बो खराब निघाला असे समजून दुसरा आणावा.

यातली दुसरी युक्ती इतकी चुकीची आहे की शेवटची युक्ती तिच्याच पोटी जन्माला आली असावी. 'जेवढे तेल आत जाते तेवढेच बाहेर येते, मग पाइप मोठा कशाला?' हा त्यामागचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा वाटतो. परंतु आत जाणारे तेल इंजिनच्या पंपाच्या दाबाने जाते, त्यामुळे तीनचार मिलिमीटरच्या वाटेतूनही ते पुरेसे पोहोचते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमधून बाहेर पडल्यावर मात्र त्या तेलात दाब असा काही उरत नाही. ते तापलेले असते, त्यात हवा आणि थोडा धूर मिसळलेला असतो, आणि घुसळलेल्या ताकासारखे फेसाळून त्याचे आकारमान वाढलेले असते. त्याला चेंबरपर्यंत नेणारी एकमेव शक्ती गुरुत्वाकर्षणाची आहे. पाइप बारीक असला, मध्येच वर चढून खाली उतरत असला, किंवा चेंबरमध्ये तेलाच्या पातळीखाली उघडत असला, की हे फेसाळ तेल टर्बोच्या मधल्या भागात तुंबते.

तुंबलेले तेल जाते कुठे, हे संदेश लिहिणाऱ्याने स्वतःला एकदा तरी विचारायला हवे होते. इंजिनच्या क्रँकला, म्हणजे मुख्य दांड्याला, घट्ट चिकटून बसणारे ओठाचे रबरी सील असते, तसे टर्बोच्या शाफ्टला सहसा नसते. तेथे पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते. बाहेरच्या बाजूचा वायूचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त आहे आणि आत तेल साचलेले नाही, या भरवशावर ती काम करते. आतले तेल शाफ्टच्या वर चढले की ते रिंग ओलांडून एका बाजूने सायलेन्सरकडे आणि दुसऱ्या बाजूने इंजिनच्या हवेत शिरते. मग निळा धूर येतो, मेकॅनिक 'सील गेले' म्हणतो, दुसरा टर्बो विकत आणला जातो आणि त्याच बारीक पाइपवर बसून तोही धूर काढू लागतो. डिझेल गाडीत तर धोका त्याहून मोठा असतो, कारण हवेबरोबर पुरेसे तेल आत गेले की इंजिन त्या तेलावरच धावू लागते आणि चावी फिरवूनही बंद होत नाही. हे परशुराम घाटाच्या उतारावर घडले तर काय होईल, याचे वर्णन करण्याची गरज नसावी.

टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीने बसवणीसाठी दिलेल्या सूचना या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. परतीचा पाइप सरळ खाली यावा आणि उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. त्याचा आतला व्यास टर्बोच्या परतीच्या छिद्रापेक्षा लहान नसावा. टर्बो इतका खाली बसवावा लागला की तेल आपोआप परत येणे शक्य नाही, तर ते ओढून घेणारा वेगळा पंप लावावा. 'जागा मिळेल तिकडून' हा शब्दप्रयोग त्या सूचनांत कोठेही नाही.

आता पहिली युक्ती. येथे मला नाइलाजाने अर्धी बाजू मान्य करावी लागते, कारण साध्या, म्हणजे तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बुशच्या टर्बोला बहुधा रेस्ट्रिक्टर लागत नाही. बॉल बेअरिंगच्या, म्हणजे शाफ्ट बारीक गोळ्यांवर फिरतो अशा, टर्बोला मात्र तो लागतो. गॅरेटच्याच सूचनेनुसार त्याला इंजिनच्या सर्वाधिक फेऱ्यांवर ४० ते ४५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरेसा असतो, आणि सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र बहुतेक वेळा हे काम करते. आपला टर्बो कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहता रेस्ट्रिक्टर काढायला सांगणे म्हणजे रोग न विचारता औषध देणे होय.

खाऱ्या हवेत लोखंडी पाइप गंजतो, हेही खरे आहे; मिरकरवाडा बंदरावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीखाली वाकून पाहावे. पण त्यावरचा उपाय साधा रबरी होज हा नव्हे. रेडिएटरच्या पाण्यासाठी बनवलेला होज गरम तेलाने फुगतो, मऊ पडतो आणि शेवटी फाटतो. निळा सिलिकॉनचा होज दिसायला छान असला तरी तोही तेलासाठी नसतो. आत जाणारा पाइप फाटला की दाबाखालचे तेल थेट तापलेल्या टर्बाइनवर उडते आणि आग लागू शकते. आतून टेफ्लॉनचा आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा होज थोडा महाग पडतो, पण गंजत नाही. तोही टर्बाइनपासून दूर ठेवून त्यावर उष्णतारोधक बाही चढवावी.

टेफ्लॉन टेपचा तुकडा सुटून तेलाबरोबर गेला की बेअरिंगचे बारीक छिद्र बंद करतो. जोडाला लावायच्या ट्यूबमधल्या सिलिकॉनचेही तेच. जोड गळत असेल, तर टर्बोसाठी तेल घ्यायला इंजिनच्या तेलाच्या प्रेशर स्विचजवळ लावलेल्या टी-जोडाचे आटे आधी तपासावेत. जपानी इंजिनांवर बहुधा एक अष्टमांश इंचाचे ब्रिटिश आटे असतात, एका इंचात २८ आटे. अमेरिकी किटमध्ये त्याच मापाचे २७ असतात. दोन्ही दोनचार फेरे सहज बसतात आणि मग अडतात. टेप हा त्यावरचा उपाय नाही.

घट्ट तेलाविषयी फार लिहीत नाही. इंजिनच्या आतले तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, चिपळूणचा उकाडा नव्हे. आणि घट्ट तेल सकाळी पहिल्या सेकंदांत टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल घालावे. कुंभार्ली घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची उष्णता मात्र बेअरिंगकडे सरकत राहते, आणि आत राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा बनतो. त्यात घट्ट आणि पातळ असा भेद होत नाही. शेवटचे अंतर हळू चालवावे, किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावे.

निळ्या धुराबद्दल भाच्याला मी एक तपासणी सांगितली आहे. परतीचा पाइप चेंबरपासून सोडवून थोडा वेळ रिकाम्या डब्यात सोडावा, चेंबरचे उघडे तोंड बंद करावे, आणि तेलाच्या पातळीवर लक्ष ठेवून गाडी फक्त आयडलिंगवर चालवावी. जुने तेल जळून गेल्यावर धूर थांबला, तर दोष परतीच्या वाटेत किंवा क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतल्या, वाढलेल्या दाबात आहे; टर्बो बदलून काही होणार नाही. आणि या सहा युक्त्यांत ज्या गोष्टीचा उल्लेखच नाही ती अशी, की पहिल्यांदा गाडी सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या तेल आत येण्याच्या तोंडातून थोडे स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा, आणि इंधन व इग्निशन तोडून स्टार्टर थोडा थोडा मारत तेलाचा दाब आल्याची खात्री करावी.