लिंबाचा रस डोळ्यात घालायला सांगणारा तो मेसेज

'चष्मा फेका, डोळे वाचवा' असा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आला. वाळवा तालुक्यातल्या माझ्या वहिनींनी तो वाचून तिसरीतल्या पोरीचा चष्मा कपाटात ठेवला. मिक्सरमधून कांदा-आल्याचा रस काढून माझ्या काकूंसाठी एक बाटलीही भरून ठेवली. काकूंनी फोन करून "घालू का रे डोळ्यात?" असं विचारलं, म्हणून ती बाटली मोरीत गेली. पण ज्यांना विचारायला कुणी नाही, त्यांच्या घरी ती भरलेलीच असेल. त्यामुळे हे लिहायला बसलो.

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. चष्मा लावला की नंबर वाढतो. डोळे दुखत नसतील तर तपासणी म्हणजे निव्वळ चष्मेवाल्यांचा धंदा. कांदा, आलं, लिंबू यांचा रस आणि मध एकत्र करून रोज दोन थेंब घातले की नंबर, मोतीबिंदू, काचबिंदू सगळं जातं. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढू नये. आणि गाजर खा, मुलांना उन्हात खेळवा, डॉक्टर लागणार नाही.

तिसऱ्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माणूस आंधळा होऊ शकतो.

लिंबाच्या रसाचा सामू (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ ते २.५ असतो. आपल्या अश्रूंचा ७.४ च्या आसपास. म्हणजे रोज सकाळी उठून डोळ्यात आम्ल घाला, असा हा सल्ला आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अतिशय नाजूक असतो, त्याची वरची साल अशा माऱ्याने सोलवटते. घातल्यावर आग होते, घळाघळा पाणी येतं आणि मग जरा मोकळं वाटतं. लोक त्यालाच 'घाण निघाली' म्हणतात. घाण कसली? तो डोळा स्वतःला वाचवायला पाणी सोडतोय! मध औषधी असेल, पण पोळ्यातून काढलेला किंवा दुकानातून आणलेला मध निर्जंतुक नसतो. मिक्सरचं भांडं आणि स्वयंपाकघरातली सुरी तर नाहीच नाही.

आणि मोतीबिंदू असतो कुठे? बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या आतल्या भिंगात. ते भिंगच गढूळ झालेलं असतं. वरून घातलेल्या कांद्याच्या रसाने ते नितळ होत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले थेंब आजही जगात कुणाकडे नाहीत, मोठमोठ्या औषध कंपन्यांकडेसुद्धा.

आपल्या भागात या सल्ल्याचा धोका दुप्पट आहे, त्याचं कारण ऊस. तोडणीच्या दिवसांत पात डोळ्याला फाटकन लागते. पातीची धार बुबुळाला ओरखडा पाडते आणि तिच्यावरची बुरशी त्या जखमेत शिरते. पहिले एक-दोन दिवस नुसतं खुपतं, मग डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. हा बुरशीचा अल्सर. वेळेत बुरशीवरचे थेंब सुरू झाले तर डोळा वाचू शकतो. त्याऐवजी मधाचे थेंब, झाडपाल्याचा रस, किंवा मेडिकलमधून कुणाला न दाखवता आणलेले 'लाल डोळ्याचे थेंब' घातले तर फूल पडतं आणि नजर जाते. त्या दुकानी थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, ते बुरशीला रान मोकळं करून देतं. पात लागली तर स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. फडातल्या मजुराचा दिवस बुडतो, हे खरं. मुकादमाने आणि शेताच्या मालकाने तो बुडू द्यावा.

आता चष्म्याचं. वहिनींचा सवाल होता, "चष्मा लावल्यापासूनच दर वर्षी नंबर वाढतोय, मग कशाने?" पोरीचा फ्रॉक दर वर्षी आखूड होतो, तो फ्रॉकमुळे होतो का? मायनस नंबरच्या मुलांत वाढत्या वयात डोळ्याचा गोळाच लांबतो, म्हणून नंबर वाढतो. यावर २००२ साली प्रसिद्ध झालेला मलेशियातला एक अभ्यास आहे. ९ ते १४ वर्षांची ९४ मुलं घेतली. निम्म्यांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, निम्म्यांना मुद्दाम कमी नंबरचा. दोन वर्षांनी पाहिलं तर पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला होता आणि कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. म्हणजे मेसेजच्या अगदी उलट. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असाच फरक दिसला नाही. पण चष्मा काढून ठेवल्याने नंबर उतरतो, हे त्यातून निघत नाही. पोरीला फळा मात्र दिसेनासा होतो, हे नक्की.

त्याहून वाईट गोष्ट एका डोळ्याच्या नंबरची. एक डोळा चांगला आणि दुसऱ्याला मोठा नंबर असेल, तर मूल चांगल्या डोळ्यावर निभावून नेतं. तक्रार करत नाही, कारण जग असंच दिसतं असं त्याला वाटतं. मेंदू मग कमजोर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर तो बहुतेकदा सुधारतो. वय वाढत जातं तसं ते अवघड होत जातं. म्हणून शाळेत घालण्याआधी मुलाचा एकेक डोळा झाकून तपासायलाच हवा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. चष्मा असलेल्या मुलाची तपासणी दर वर्षी.

'दुखत नाही तर तपासायचं कशाला' हा दावा वरकरणी शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त फसवतो. काचबिंदू बहुतेक वेळा दुखतच नाही. डोळ्यातल्या दाबाने मागची शीर हळूहळू मरते, आधी कडेची नजर जाते, समोरचं स्वच्छ दिसत राहतं. माणूस पेपर वाचतो, नोटा मोजतो आणि सांगली-मिरज रस्त्यावर बाजूने आलेली मोटरसायकल त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली थेंबांनी आणि गरज पडली तर ऑपरेशनने राखता येते. दक्षिण भारतात गावोगाव केलेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. आई-वडिलांना किंवा भावंडांना असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. मधुमेहाचंही तसंच. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर रक्तस्राव सुरू होईपर्यंत नजर चांगली असू शकते. काकूंना शुगर आहे, म्हणून त्यांचा पडदा दर वर्षी बघायचा, दिसत असलं तरी.

चष्मेवाल्यांच्या धंद्याबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. दुकानापुढच्या 'मोफत नेत्र तपासणी'त पुष्कळदा कंप्युटरवर नंबर काढतात आणि फ्रेम दाखवतात. ती डोळ्यांची तपासणी नव्हे. डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा बघितला नसेल, तर काचबिंदू तसाच राहून जातो. पण यातून निघतं ते एवढंच, की नीट तपासणी करून घ्या.

मोतीबिंदू पिकू द्यायचा सल्ला आजोबांच्या काळातला. तेव्हाचं ऑपरेशन वेगळं होतं. आता अति पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधी कधी दाब वाढून डोळा दगावतो. रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की डॉक्टरांशी बोलून काढायचा. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं.

गाजर खा, हरकत नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, पण गाजराने नंबर जात नाही. उन्हात खेळण्याचं मात्र खरं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. तेव्हा पोरीला खुशाल खेळायला सोडा, चष्मा घालून.

चाळिशीनंतर घरातल्या प्रत्येकाने वर्षा-दोन वर्षांनी एकदा जावं. गेल्यावर 'प्रेशर आणि पडदा दोन्ही बघा' असं तोंडाने सांगा. पडदा बघायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. त्या दिवशी मोटरसायकल घरी ठेवा, एसटीने जा आणि सोबत कुणाला तरी न्या.