पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत, हा समज अर्धवट आहे

सांगली, मिरज, तासगाव भागात बाळंतिणींच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत, तोवर रक्त पोटात साठत राहते आणि पाळी आली की दूध नासते, म्हणून बाळाचे अंगावरचे दूध तोडावे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. बाळ वारंवार चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक (हार्मोन) वाढते, मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संकेत मंदावतात आणि बीज बाहेर पडणे थांबते. मात्र 1988 मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी या संरक्षणाला तीन अटी घातल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर असावे आणि पाळी परतलेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या तर 98 टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. संदेशाने त्यांतली फक्त शेवटची ठेवली आहे. शिवाय बीज पाळीच्या आधी बाहेर पडते, त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्यापूर्वीच दिवस राहू शकतात, आणि चुकायला पाळीच नसल्याने ते लक्षातही उशिरा येते. दोन पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडू नये, असे सांगितले जाते. द्राक्षबागेत विरळणीला सकाळी गेलेली आई दुपारपर्यंत घरी येऊ शकत नाही आणि बाळाला वरचे दूध दिले जाते. तिला हा संदेश सरळसरळ फसवतो.

रक्त साठण्याचे म्हणणे निराधार आहे. या काळात गर्भाशयाचे अस्तर फारसे वाढतच नाही, मग साठणार काय?

दूध नासण्याची भीतीही खोटी आहे. पाळीच्या सुमारास काहींचे दूध एकदोन दिवस किंचित कमी होते, स्तनाग्रे दुखतात, दुधातील क्षारांत थोडा फरक पडतो. बाळाला त्याचा अपाय होत नाही. सहा महिने केवळ आईचे दूध आणि नंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळी आल्यावरही तसाच लागू राहतो.

पाळणा लांबवायचा असेल तर तांबी प्रसूतीनंतर 48 तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते, ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येते आणि ‘छाया’ गोळीत संप्रेरक नसते. मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळाव्यात. यांपैकी आपल्याला काय चालेल, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळी येण्याची वाट न पाहता विचारावे.