इतिहासाचं पुस्तक मिटा आणि व्हिडिओ लावा, म्हणणाऱ्यांना

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. इतिहास शिकवायला आता पुस्तक नको. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नसतं आणि ते जन्मभर लक्षात राहतं. यूट्यूबवर सगळा इतिहास खऱ्या चित्रणासह फुकट मिळतो. सनावळ्या घोकण्यापेक्षा एक चांगला सिनेमा पुरतो. तेव्हा शिक्षकांनी पडदा लावावा आणि बाजूला व्हावं.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि वर्गात व्हिडिओ दाखवते. ते दाखवायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. पण हा मजकूर ते ज्या पद्धतीने दाखवायला सांगतो, त्याने मुलांचं नुकसान होतं, म्हणून हे उत्तर. त्यातली एक तक्रार मात्र रास्त आहे. धडा मोठ्याने वाचायचा, खालचे प्रश्न फळ्यावर उतरवायचे, उत्तरं पाठ करायची, असा तास पुष्कळ शाळांत चालतो आणि मुलं त्याला कंटाळतात. त्यावरचा उपाय पुस्तक मिटण्यात नाही.

आधी “डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नसतं” हे घेऊ, कारण बाकीचे सगळे मुद्दे यावर उभे आहेत.

गांधीजींची अंत्ययात्रा म्हणून एक रंगीत दृश्य फिरतं. दिल्लीचा तेव्हाचा राजपथ (आताचा कर्तव्यपथ), माणसांचा समुद्र. ते रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटातलं आहे. 31 जानेवारी 1981 रोजी सुमारे तीन लाख लोक जमवून ते चित्रित केलं गेलं. 31 जानेवारी 1948 च्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रणही उपलब्ध आहे, ते कृष्णधवल आहे, आणि मुलांना दोन्ही दाखवली तर खरं कोणतं वाटतं? बहुतेक मुलं रंगीत दृश्याकडे बोट दाखवतात. त्यात चेहरे स्पष्ट दिसतात, संगीत आहे, कॅमेरा नेमका हवा तिथे आहे. खरा कॅमेरामन गर्दीत ढकलला जात असतो आणि त्याला हवं ते दिसतंच असं नाही. दृश्य जितकं नेटकं तितकं ते रचलेलं असण्याची शक्यता जास्त, ही गोष्ट मुलांना कुणीतरी शिकवावी लागते.

आता तर जुन्या चित्रणाला संगणकाने रंग चढवतात, हलत्या चित्राचा वेग सारखा करतात, मूळ मूक फितीला गर्दीचा आवाज जोडतात. साडीचा रंग कुठून आला? यंत्राच्या अंदाजातून. आवाज कुठला? दुसऱ्याच गर्दीचा. असा व्हिडिओ दाखवू नये असं मी म्हणत नाही, पण काय मूळचं आणि काय मागाहून घातलेलं हे वर्गात सांगितलंच पाहिजे. दहावीच्या आपल्या इतिहासाच्या पुस्तकात, जे मिटायला हा मजकूर सांगतो, प्रसारमाध्यमांवर अख्खा धडा आहे. जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या म्हणून बनावट कागद छापले, ती 1983 ची गोष्ट त्यात आहे. माध्यमातून आलेली माहिती तपासून घ्या, असं तो धडा स्वच्छ सांगतो.

“लक्षात राहतं” हा दुसरा दावा अर्धा खरा आहे आणि धोका त्या अर्ध्या खऱ्यातच आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एखाद्या घटनेवरचा अचूक मजकूर वाचला आणि त्याच घटनेवरच्या सिनेमाचा तुकडा पाहिला. दोन्हींतली माहिती जुळत होती तिथे त्यांना ती पुष्कळच चांगली आठवली. सिनेमा मजकुराच्या उलट सांगत होता तिथे मात्र कितीतरी वेळा त्यांनी सिनेमातली चूकच उत्तर म्हणून लिहिली, आणि ती आपण मजकुरात वाचली असं सांगितलं. “सिनेमात चुका असतात, सावध राहा” अशा मोघम सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चूक आहे हे आधी सांगितलं तेव्हा परिणाम बराच कमी झाला.

म्हणजे खोटंही तितकंच पक्कं लक्षात राहतं. शिवाय नेमकी चूक दाखवायला आधी कुणाला तरी बरोबर काय ते माहीत असावं लागतं.

“यूट्यूबवर सगळा इतिहास आहे” या वाक्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तचित्र कंपनीने एप्रिल 2014 मध्ये आपल्या सुमारे 85,000 फिती यूट्यूबवर टाकल्या. इतिहासाच्या शिक्षकांसाठी ही मोठी देणगी आहे आणि मी ती वापरते. पण या फिती कुणासाठी काढल्या होत्या? लंडनच्या चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी बसलेल्या प्रेक्षकासाठी. म्हणून त्यांत राजघराण्याचे दौरे, संस्थानिकांचे हत्ती, व्हाइसरॉयचे समारंभ भरपूर सापडतात. भारतात ब्रिटिश सरकारने 1943 मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ उभी केली ती युद्धाच्या प्रचारासाठी, आणि 1946 मध्ये ती बंद झाली. आपलं फिल्म्स डिव्हिजन आलं 1948 मध्ये. त्यामुळे 15 ऑगस्ट 1947 ला सरकारचं स्वतःचं चित्रण पथकच नव्हतं. त्या दिवसाचं जे आज आपण पाहतो, त्यातलं बरंचसं परदेशी वृत्तकंपन्यांनी आणि खासगी कॅमेरामननी टिपलेलं आहे. चौकटीच्या मधोमध माउंटबॅटन इतक्या वेळा का दिसतात, हा प्रश्न मुलांनी विचारावा असं मला वाटतं, आणि ती विचारतात.

आणि जे कुणी टिपलंच नाही त्याचं काय? सातारा-सांगलीकडच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारचं घ्या. नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली 1943 पासून गावोगाव न्यायनिवाडे चालले, 7 जून 1943 ला त्याच्या तुफान सेना या सशस्त्र दलाने शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम काढून घेतली. पोलिसांपासून लपलेली माणसं कॅमेऱ्यासमोर कशी येणार? चित्रण पाहूनच इतिहास शिकायचा ठरवला तर आमच्या भागातली ही सगळी चळवळ गायब होते आणि लंडनच्या प्रेक्षकासाठी काढलेले हत्ती तेवढे उरतात. सावेदादा भाटवडेकरांनी 1901 मध्ये गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा चौपाटीवर त्यांचं स्वागत चित्रित केलं होतं. भारतातल्या पहिल्या वृत्तचित्रांत ते मोजलं जातं. ते चित्रणही आज पाहायला मिळत नाही. त्याची माहिती कागदावर आहे.

याच प्रतिसरकारच्या निमित्ताने ऑनलाइन व्हिडिओचं खरं बळही मला सांगायचं आहे. ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने 2016 मध्ये कुंडलच्या रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ यांच्याशी बोलून ते चित्रित केलं. तुफान सेनेचं नेतृत्व केलेला नव्वदी ओलांडलेला माणूस शेणोलीच्या घटनेबद्दल स्वतः बोलतो. आम्ही लुटलं म्हणणं बरोबर नाही, इंग्रजांनी लोकांचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले, असं त्याचं म्हणणं. इंग्रज सरकारच्या लेखी हाच दरोडा होता. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की वर्गात जो वाद पेटतो तसा कोणत्याही युद्धाच्या सिनेमाने पेटत नाही. त्यानंतर मी मुलांना आणखी एक गोष्ट विचारते: सत्तर वर्षांनी सांगितलेल्या आठवणीतलं काय जसंच्या तसं धरायचं आणि काय दुसरीकडे पडताळायचं?

चित्रण कुणी केलं आणि का केलं, हे कळलं की चित्रणाचा अर्थ बदलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 7 डिसेंबर 1956 ची मुंबईतली अंत्ययात्रा आज आपण पाहू शकतो, ती नामदेव व्हटकरांमुळे. स्वतःचा छापखाना गहाण टाकून त्यांनी फिल्मचा खर्च उभा केला. व्हिडिओच्या खाली बहुतेक वेळा हे नाव लिहिलेलं नसतं. मी ते आधी फळ्यावर लिहिते, मग चित्रण लावते.

“सनावळ्या नकोत” याबद्दल थोडक्यात. गांधीजींचा एक ध्वनिचित्रित संवाद खूप पाहिला जातो. 1931, गुजरातमधलं बोरसद, फॉक्स मूव्हीटोन या अमेरिकी वृत्तचित्र कंपनीचा कॅमेरा. बातमीदार त्यांना विचारतो, इंग्लंडला गेलात तर राजासमोर याच कपड्यांत जाल का? पुन्हा तुरुंगात जायची तयारी आहे का? स्वातंत्र्यासाठी मरायला तयार आहात का? शेवटच्या प्रश्नावर गांधीजी म्हणतात, हा प्रश्नच वाईट आहे. मुलं हसतात, काही चकित होतात. पण मार्च 1931 मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि सप्टेंबरमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला पोहोचले, हे माहीत नसेल तर राजाचा आणि तुरुंगाचा प्रश्न आत्ताच का आला हे कळत नाही. या दोन घटना आणि त्यांचे महिने ठाऊक असले की ती छोटी फीत पुन्हा पाहावीशी वाटते. दुसऱ्यांदा मी ती आवाज बंद करून लावते आणि फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे, बसण्याकडे बघायला सांगते. एका मुलीच्या लक्षात आलं की उत्तर देण्याआधी ते प्रत्येक वेळी थांबतात.

राहिला सिनेमा लावून बाजूला होण्याचा सल्ला. ‘गांधी’ तीन तासांहून मोठा आहे. उत्तम अभिनय, अफाट मेहनत. आणि त्यात डॉ. आंबेडकर कुठेच नाहीत. 20 सप्टेंबर 1932 ला येरवड्यात सुरू झालेलं गांधीजींचं उपोषण आणि 24 तारखेचा पुणे करार, ज्याने या देशातल्या दलितांच्या राजकीय प्रतिनिधित्वाची दिशा ठरवली, त्यात येत नाही. हा सिनेमा अख्खा दाखवून शिक्षक बाजूला झाला, तर आंबेडकर तिथे असायला हवे होते हे मुलांना कळणार कसं? न दाखवलेली गोष्ट पडद्यावर दिसत नसते. जब्बार पटेलांच्या 2000 सालच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटात पुणे कराराचा प्रसंग आहे, आणि तो आंबेडकरांच्या बाजूने सांगितलेला आहे. मी त्यातली काही मिनिटं दाखवते, मग कराराची मूळ कलमं वाचायला देते. छोटा कागद आहे, नववीच्या मुलांना झेपतो. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा 148 ठरल्या हे त्यात आहे, आणि ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघांतून, म्हणजे फक्त दलित मतदारांच्या मतांवर, दिलेल्या जागा त्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या. मग जागा वाढूनही बाबासाहेबांना हा करार का बोचत राहिला? स्वतंत्र मतदारसंघ गेला म्हणजे नेमकं काय गेलं? सिनेमातल्या प्रसंगाने मुलांना हे जाणून घ्यावंसं वाटतं. उत्तर शोधायला कलमं आणि आकडे लागतात, आणि ते शोधताना चुकीच्या वाटेला लागलेल्या मुलाला तिथल्या तिथे अडवणारं माणूस लागतं.

एका तासाला आमच्याकडे पस्तीस मिनिटं असतात. त्यातली पाच-सात मिनिटं चित्रणाला पुरतात. शाळेत इंटरनेट चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी घरून पेनड्राइव्हवर आणते, आणि फळ्याच्या एका बाजूला आधीच चार प्रश्न लिहून ठेवते: कुणी काढलं, केव्हा, कुणासाठी, आणि चौकटीबाहेर कोण राहिलं.