अखाजीचा साबण

खान्देशात जावई रुसला तर त्याची समजूत काढायचे दोन-चार ठरलेले मार्ग आहेत, आणि ते सगळे तुपातून जातात. बट्टी कुस्करून वर तूप, पुरणपोळीवर तूप, खिचडीवर तूप, आणि ‘बस्स बस्स’ म्हणून त्याने आडवा हात धरला की हातावर तूप. म्हणून अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी लेकीचा पुण्याहून फोन आला, ‘आई, तो आता व्हीगन झालाय,’ तेव्हा बायकोला ते ‘विघ्न’ असं ऐकू आलं. नंतर जे घडलं ते पाहता तिचे कान चांगले आहेत असंच म्हणावं लागेल.

‘म्हणजे दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. मधसुद्धा नाही.’

‘डॉक्टरांनी सांगितलं का गं?’

‘नाही गं. मनानेच.’

हे ‘मनानेच’ बायकोला फार लागलं. दुखणं असतं तर तिने समजून घेतलं असतं. धडधाकट माणूस आपण होऊन तूप सोडतो, तेही पहिल्या अखाजीला सासरी येताना, याचा अर्थ हुंड्याबिंड्याचं काही राहिलंय का, इथपर्यंत तिचा विचार जाऊन आला.

मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘अगं, बिनदुधाचं तूप तर आपल्या अमळनेरचंच. विप्रो कंपनी आज जगभर कॉम्प्युटरचा धंदा करते, ती १९४५ साली आपल्या गावात वनस्पती तूप करायलाच निघाली होती. गाव आधीपासून व्हीगन आहे, जावई उशिरा आले.’

‘जावयाला डालडा वाढू?’ एवढंच विचारून ती आत गेली. आमच्या लग्नात पंगतीला डालडा होता, हे तिचे भाऊ अजून काढतात. विषय मीच चुकीचा निवडला.

रात्री लेकीचा पुन्हा फोन. ‘पप्पा, टेन्शन घेऊ नका. फक्त टोफू आणून ठेवा. त्याला फार आवडतं.’

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, एवढं मला माहीत होतं. अमळनेरच्या बाजारात ते मागायचं कसं, हे नव्हतं. पहिल्या किराणा दुकानात मी ‘टोफू’ म्हटलं, तर पोऱ्याने चॉकलेटची बरणी पुढे केली. दुसऱ्याने ‘पलीकडे विचारा’ म्हणून टोप्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिसरीकडे मी शहाणपणा केला. डेअरीत गेलो आणि भरल्या गिऱ्हाइकांत खणखणीत आवाजात विचारलं, ‘तुमच्याकडे बिनदुधाचं पनीर मिळतं ना?’

दुकान शांत झालं. मालक गल्ल्यावरून उठले. पेपरात रोज बनावट पनीर पकडल्याच्या बातम्या येताहेत, आणि मी भर गर्दीत हे विचारतोय. ‘कोणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा त्याचं!’ मी घाईघाईने म्हटलं, ‘नाही नाही, मला तसलंच पाहिजे.’ याने प्रकरण अधिकच बिघडलं. एक बाई हातातलं पनीर परत ठेवून निघून गेल्या. त्या दुकानासमोरून मी अजूनही सायकल वेगात काढतो.

जळगावला एका मोठ्या दुकानात मिळालं. दोनशे ग्रॅमची पाण्यातली पिशवी. वीस वर्षं एस.टी.ने जळगाव-अमळनेर केलंय, पण मांडीवर गार पिशवी घेऊन, चव्वेचाळीस डिग्रीत, कधी केलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत पिशवी फुगून टम्म. कात्री लावली आणि असा वास सुटला, की दारातली मांजर उठून शेजाऱ्यांकडे गेली.

आता घरीच करायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायको म्हणाली, ‘तुम्हीच करा.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, मी सोयीचा घेतला.

सोयाबीन आणायला गावी चुलतभावाकडे गेलो. कपाशीच्या जोडीला दोनेक एकर सोयाबीन तो दरवर्षी लावतो. पण माल दिवाळीतच विकलेला. उरलं होतं ते जूनच्या पेरणीसाठी पोत्यात राखलेलं घरचं बियाणं. मी किलोभर मागितल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी गोठ्यातला बैल कापायला मागितला असावा. ‘दादा, बियानं कोनी खास का?’ म्हणजे बियाणं कोणी खातं का? औषध लावलेलं नाही ना, हे मी तीनदा विचारून घेतलं. पेरणीच्या तोंडावरच ते चोळतात, तोवर दाणा स्वच्छ असतो. शेवटी त्याने दिलं, पण तराजूत मोजून आणि माझ्या नावावर मांडून. क्विंटलने विकताना आम्हा लोकांना किलोमागे पन्नासच्या आगेमागे मिळाले की देव पावला, आणि त्याच किलोतून दीड-दोन किलो टोफू निघतं, ज्याच्या पाव किलोलाही पुण्यात शंभरची नोट ठेवतात, हे मी त्याला सांगितलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो पोतं बांधून आत घेऊन गेला.

दाणे रात्री भिजत घातले. सकाळी दुप्पट फुगून, फेस धरून तयार. उन्हाळ्यात पाणी मध्येच बदलायचं असतं, हे नंतर कळलं. मग चोळून सालं काढायची. सोयाबीनला किती सालं असतात, हे किलोभर सोलल्याशिवाय समजत नाही. मिक्सर तीनदा गरम होऊन बंद पडला, आणि चौथ्यांदा महावितरणने त्याला विश्रांती दिली.

दूध गाळण्याआधी उकळायचं की नंतर, यावर मतं आहेत, पण उकळायचंच, यावर नाहीत. कच्च्या सोयाबीनमध्ये पोटातलं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती चांगली दहा-पंधरा मिनिटं उकळल्यावर मरतात. मला एवढंच सांगण्यात आलं होतं. सोयाबीनचं दूध कसं उतू जातं, ते कोणी सांगितलं नाही. गाईच्या दुधाला थोडी माणुसकी असते, वर येताना ते सुरकुततं, फुरफुरतं, इशारा देतं. हे गप्प बसतं. तुम्ही चष्मा पुसायला मान वळवता तेवढ्यात फेसाचा डोंगर पातेल्याबाहेर, शेगडीवर, ओट्यावर, ओट्याखालच्या बरण्यांवर. शेगडीच्या भोकांतला फेस काढायला मला बायकोची केसांची पिन लागली. पिन मागतानाचा संवाद इथे देत नाही.

गाळायला माझं जुनं उपरणं घेतलं. आता ते दूध फाडायचं. चिनी-जपानी लोक त्याला जिप्सम घालतात, नाहीतर समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर उरतं ते कडवट पाणी. अमळनेरपासून समुद्र लांब आणि जिप्सम मी फक्त छताला पाहिलेलं. म्हणून लिंबू. वैशाखात लिंबांचा भाव काय असतो, ते वेगळं सांगायला नको. नऊ लिंबं पिळली. उकळी बसलेल्या दुधात रस सोडला, हळूच डाव फिरवला आणि थांबलो. अर्धं मिनिट काहीच नाही. मग खालून ढग वर यावेत तसे पांढरे गोळे सुटायला लागले आणि मधलं पाणी फिकट पिवळं, नितळ झालं. मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि म्हणाली, ‘फाटलं की हो.’ फाटावंच लागतं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग एवढा वेळ कशाला लावला? माझं तर न सांगता फाटतं.’

उपरण्यात बांधून वर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा. तासाभराने उघडलं. आत चौकोनी, पांढरीशुभ्र, थरथरती वडी! उपरण्याच्या काठाची नक्षीसुद्धा तिच्यावर उमटली होती. मी ती ताटात घालून मिरवत माय बसते त्या खाटेपाशी नेली. माय ब्याऐंशीची आहे आणि अहिराणीशिवाय बोलत नाही. तिने बोटाने दाबून पाहिलं.

‘हाई काय शे? साबन?’

‘माय, ही सोयाबीनची वडी. जावयासाठी.’

‘जावाईले साबन देशी का खावाले?’

मायची गांधीजींवर श्रद्धा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन आपल्याच फैजपूरला भरलं, त्याला तिचे वडील गेले होते, हे आम्ही दर पंधरा ऑगस्टला ऐकतो. मी तोच धागा पकडला. ‘माय, त्याच्या आदल्या वर्षी वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी स्वतः सोयाबीन खायचे प्रयोग केले होते. जेवणात रोज!’

माय विचारात पडली. मला वाटलं, जिंकलो. मग तिने विचारलं, ‘पन रांधे कोन?’

आतून बायको मोठ्याने हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. दोघींची इतकी एकी मी लग्नापासून पाहिली नव्हती.

अखाजीच्या दिवशी दारातल्या कडुलिंबाला झोका बांधला, खापरावर मांडे उतरत होते, आमरसात दूध घालायचं नाही म्हणून पातेल्याशी पहारा बसवला होता. मांड्याला तूप लावलं नाही, वेगळं ठेवलं. बायकोने धीर यावा म्हणून पातोड्याची भाजीही टाकली होती. बेसन फोडणीच्या पाण्यात शिजवायचं, ओवा, तिखट, हळद, थाळीला तेलाचा हात लावून थापायचं, शंकरपाळ्यासारखं कापायचं, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या रश्शात सोडायचं. ती पाहुण्यांसाठी नव्हती. आम्हाला जेवायला काहीतरी हवं म्हणून होती.

टोफूची भाजी मी केली. तोच काळा मसाला, तीच तर्री. पण घाईत चौकोन कापून तसेच उकळत्या रश्शात टाकले. चाखून बघितलं तर वरून लालभडक आणि आतून कोरा. मसाल्याने त्याला नुसता नमस्कार केला होता, घरात शिरला नव्हता. आता इलाज नव्हता. ताटात दोन वाट्या वाढल्या, एक टोफूची, एक पातोडीची, आणि सगळे जण जावयाच्या तोंडाकडे पाहत बसलो. माय सोडून. ती माझ्याकडे पाहत होती.

जावईबापूंनी पहिली वाटी संपवली. कपाळावर घाम, नाकाला रुमाल, पण हात थांबेना. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागितली. मग मान वर करून म्हणाले, ‘पप्पा, खरं सांगतो, पुण्यात इतका चांगला टोफू कुठे मिळत नाही. हे टेक्स्चर कसं जमवलंत?’

ती पातोडी होती. टोफूच्या वाटीला त्यांनी हातही लावला नव्हता. त्यांना वाटलं, ते पनीर, सासूबाई विसरल्या असतील, उगाच कशाला दाखवून द्या.

मी तोंड उघडणार तोच बायकोने पाय दाबला. पण लेकीला राहवलं नाही, तिने फोडलंच. जावई ओशाळतील असं वाटलं. पण हा माणूस टोफूच्या बाबतीत पंडित निघाला. म्हणाले, ‘मग चुकलं कुठे? ब्रह्मदेशात शान लोक असतात, त्यांचा टोफू सोयाबीनचा नसतोच. हरभऱ्याचं पीठ, हळद, मीठ, पाणी. शिजवायचं, थापायचं, थिजलं की कापायचं. ना दूध काढायचं, ना फाडायचं.’

‘ओवा?’ बायकोने विचारलं.

‘ओवा नाही घालत.’

‘म्हणून,’ ती म्हणाली. कशासाठी म्हणून, ते कळलं नाही, पण त्या एका शब्दात सबंध ब्रह्मदेश नापास झाला. मग जावईबापूंना उत्साह आला. टोफू चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी एका राजपुत्राने शोधला अशी दंतकथा आहे. जपानात १७८२ साली नुसत्या टोफूच्या शंभर कृतींचं पुस्तक निघालं. गोठवला की त्याला स्पंजासारखी भोकं पडतात आणि मग तो रस्सा पितो. मी ऐकत होतो. फेस पुसून, सालं सोलून, नऊ लिंबं पिळून मी जे केलं होतं, त्याला आमच्या स्वयंपाकघरात अर्ध्या तासाचा, बेसनाचा, ओव्याचा पर्याय माझ्या जन्माआधीपासून होता आणि तोही व्हीगन. शेवभाजी घ्या, ठेचा-भाकरी घ्या, हिवाळ्यातलं भरीत घ्या, नुसतं तुपाचं भांडं बाजूला सरकवलं की सगळा खान्देशच जावयाच्या पंगतीत बसतो. हे मला आठ दिवस आधी सुचलं असतं तर ती डेअरी तरी वाचली असती.

उपरण्यात उरलेला सोयाबीनचा चोथा बायकोने हरभऱ्याची भिजवलेली डाळ वाटून त्यात मिसळला आणि संध्याकाळी फुनक्यांसारखा, म्हणजे डाळीच्या मुटक्यांसारखा, वाफवला. एकही उरला नाही. त्याचं श्रेय तिने घेतलं, आणि ते बरोबरच आहे.

टोफूची भाजी झाकून फ्रिजमध्ये गेली. रात्री दोन वाजता उकाड्याने झोप मोडली म्हणून पाणी प्यायला उठलो. डबा समोरच होता. म्हटलं, टाकायच्या आधी एक तुकडा. बारा तासांत काय झालं होतं देव जाणे, मसाला आतपर्यंत मुरून बसला होता. गार, मऊ, कडेला तर्री थिजलेली, दाताखाली जेमतेम एक क्षण अडतो आणि मग सगळा कांदा-खोबऱ्याचा रस जिभेवर सोडतो. पातोडी अशी मुरत नाही, ती रश्शात राहिली की विरघळते. सकाळची शिळी भाकरी सापडली. फ्रिजच्या उजेडात उभ्याने मी चार-पाच चौकोन संपवले, आणि सहावा उचलला तेव्हा मागून काठी वाजली.

माय.

‘काय खास रे?’

मी डबा मागे लपवला. साठीला आलेला माणूस आईपासून टोफू लपवतो, हे दृश्य काही बरं नव्हतं. ती जवळ आली, तोंडातली कवळी तिने रात्रीची काढून ठेवलेली होती. डब्यात बोट घालून एक तुकडा उचलला, हिरड्यांनी दाबला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग ओट्याच्या कडेशी स्टूल ओढून बसली आणि हात पुढे केला.

‘तो साबन उरना का रे आजून?’