फ्लशच्या टाकीची संततधार

संडासाच्या फ्लशची टाकी झिरपते, एवढ्याशा तक्रारीसाठी प्लंबरला बोलावले, तरी झाकण उघडून आत डोकावण्याआधीच "टाकीच बदलून टाका, साहेब" असा निकाल देऊन तो मोकळा होतो, याचा आता मनस्वी वीट आला आहे. वास्तविक टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या) नळीच्या काठाखाली असूनही भांड्यात रंग उतरला, तर दोष तळाच्या रबरी वॉशरचा असतो आणि पाणी त्या काठावरूनच सांडत असेल, तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली करावा किंवा आत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह तपासावा. आमच्याकडे बोअरवेलच्या पाण्यामुळे वॉशरच्या कडेवर क्षारांचा पांढरा, खरखरीत थर बसतो आणि तेवढ्या फटीतून रात्रभर पाणी वाहते. थर खरवडून काही महिने निभावते, पण रबर कडक झाले की नवे घ्यावेच लागते, आणि दुकानदार शांतपणे सांगतो, "सुटा वॉशर येत नाही, पूर्ण सेट घ्या."