अनाथोथचा प्लॉट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आगमनकाळावरच्या, म्हणजे नाताळाआधी ख्रिस्ती लोक येशूच्या परत येण्याची वाट पाहतात त्या दिवसांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "तलवारींचे फाळ होणार असं यशया सांगून गेला, त्याला २,७०० वर्षं झाली. युद्धं थांबली नाहीत. तारखा सांगणारे दरवेळी तोंडावर पडले. ही आशा माणसाला हातावर हात धरून बसायला शिकवते." यशया म्हणजे बायबलमधला प्राचीन संदेष्टा. सावकाश उत्तर देतो.

तारखांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने बायबलच्या दानीएल पुस्तकातल्या आकड्यांवरून येशू कधी परत येणार याचा हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, आणि काहींनी पिकं शेतातच सोडून दिली. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली. लांब कशाला, माझ्याच नात्यातल्या एका घराने कुणा पाहुण्या उपदेशकाचं ऐकून मुलीचं कॉलेज वर्षभर थांबवलं होतं. तो दिवस, ती घटका पित्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, हे येशूचं म्हणणं मार्कच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात आहे. उपदेशकाने ते वाचलं नसेल असं मला वाटत नाही. सांगताना गाळलं असेल.

पण हातावर हात? इथे मी अडतो. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय काढून बघा. आपल्या नागपुरात आर.एल., म्हणजे मंजुरीचं पत्र, नसलेला प्लॉट घ्यायचा म्हटलं तर घरचे चार रात्री झोपत नाहीत. तिथे इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेचा वेढा पडलेला. यिर्मया राजवाड्याजवळ पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, तोही शहर पडणार असं उघड सांगितलं म्हणून. अशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथ गावचं माझं शेत घे. आणि हा गडी घेतो! १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून आपला लेखनिक बारूख याला त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढाच त्याचा निरोप. मिलरच्या माणसांनी शेत सोडलं, यिर्मयाने विकत घेतलं. मी ज्या आशेविषयी लिहितो ती ही दुसरी.

यशयाच्या ६५व्या अध्यायात नवं आकाश, नवी पृथ्वी येते तेव्हाही बोलणं घराचं आणि मळ्याचंच आहे : बांधेल तोच राहील, लावेल तोच खाईल. मीखा संदेष्टा तर प्रत्येकाला आपापल्या अंजिराखाली बसवतो. ज्याचं पीक दरवर्षी कुणीतरी लुटून नेतं, त्याला शांती म्हटलं की हेच दिसणार.

युद्धं थांबली नाहीत, हे मात्र टोचतं. योएल संदेष्ट्याच्या ३ऱ्या अध्यायात यशयाचं वाक्य नेमकं उलटं आहे : फाळ ठोकून तलवारी करा. उमरेडकडच्या आमच्या गावी लहानपणी मी लोहाराच्या भात्याजवळ तासन्‌तास बसायचो. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तो लाल होईस्तोवर तापवायचा आणि घणाखाली त्याचा फाळ करायचा. एकदा धुऱ्याच्या भांडणानंतर एकजण भाल्याचं पातं करून मागायला आला. त्यानं तेही करून दिलं. मी बघतच राहिलो तर म्हणाला, "लोखंडाले काय कळते बाबू, तापलं का वाकते." १९५९ साली सोव्हिएत संघाने न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना तलवारीचा फाळ करणाऱ्या माणसाचा पुतळा भेट दिला. देव न मानणाऱ्या सरकारने यशया भेट द्यावा! आणि तेच सरकार तेव्हा अणुबॉम्बही बनवत होतं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशांनी तरी वेगळं काय केलं? इथे तुमच्याशी वाद घालायला माझ्यापाशी काही नाही.

"मग कधी?" हेही तुम्ही विचारलंत. यिर्मयाच्या हयातीत तर नाही. शहर पडलं, जाळलं गेलं, आणि पुढे त्याच्याच लोकांनी त्याला मिसर देशात नेलं. त्याने ते शेत कधी नांगरल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मडक्याचाही पुन्हा उल्लेख नाही.